चार घरांची भिशी आणि युरोपची वाट

आमच्या भायंदर पूर्वेच्या वस्तीत सुट्टी म्हणजे काय, हे वर्षानुवर्षे ठरलेले आहे. उन्हाळ्यात गाव, दिवाळीत माहेर, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव आणि जमलेच तर दसऱ्याला नागपूरची दीक्षाभूमी. अधूनमधून एखाद्या रविवारी डबे बांधून उत्तनचा किनारा आणि तिथून गोराईचा पॅगोडा. २००९ साली तो पॅगोडा खुला झाला तेव्हापासून गावाकडचा पाहुणा आला की आम्ही त्याला हमखास तिकडे नेतो. त्यापलीकडे केवळ पाहण्यासाठी दूर जाणे हे आपल्यासारख्यांचे काम नव्हे, असेच आमच्या मनात पक्के होते.

त्याच आमच्या घरांतून आज लंडन, बॉन आणि बुडापेस्ट ही नावे रोज ऐकू येतात. येत्या ३ जानेवारीच्या रात्री आमच्यातल्या तिघीजणी विमानात बसणार आहेत. हा प्रवासाचा वृत्तांत नव्हे, कारण प्रवास अजून व्हायचा आहे. ही त्याच्या तयारीची हकीकत आहे. ती लिहिण्याचे कारण इतकेच, की आमच्याकडून झालेल्या चुका दुसऱ्या कुटुंबांना टाळता याव्यात आणि ज्यांना ही वाट आपली वाटतच नाही त्यांनी एकदा तरी तिचा विचार करावा.

सुरुवात एका प्रश्नाने

आम्ही चार घरे. एकाच इमारतीतली, एकाच विहारात जाणारी. कोणी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात पॉलिशवर, कोणी रिक्षावर, कोणी महापालिकेत सफाईच्या कामावर, तर एका घरची सूनबाई रुग्णालयात परिचारिका. काही वर्षांपूर्वी भीमजयंतीच्या भाषणाची तयारी करताना आमच्यातल्या एका मुलीने विचारले, "बाबासाहेब लंडनमध्ये ज्या घरात राहिले ते घर अजून आहे का?" ती आता कायद्याचे शिक्षण घेते. घर आहे, ते महाराष्ट्र सरकारने विकत घेतले आहे, एवढे आम्हाला ठाऊक होते. तेवढ्यात कोपऱ्यात लसूण सोलत बसलेल्या आई म्हणाल्या, "घेतलंय ना? मग बघायला कोण जातं?"

या प्रश्नाला आमच्यापैकी कोणाकडेच उत्तर नव्हते. त्या महिन्यापासून चार घरांनी दरमहा तीन-तीन हजारांची भिशी सुरू केली. महिन्याला बारा हजार. कोणाची ओव्हरटाइमची कमाई त्यात गेली, कोणी जुनी सवय सोडून पैसे वाचवले.

पहिल्याच बैठकीत एका काकांनी आक्षेप घेतला. "एवढ्या पैशात एका मुलाची कॉलेजची फी निघेल. फिरणं ही श्रीमंतांची चैन." आक्षेप खोटा नव्हता. म्हणून नियम केला की या पैशावर पहिला हक्क शिक्षणाचा आणि आजारपणाचा, प्रवासाचा हक्क त्यानंतर. एकदा एका मुलाच्या प्रवेशासाठी यातून रक्कम दिली आणि ती हप्त्याने परत आली. हा नियम नसता तर भिशी पहिल्याच वर्षी मोडली असती.

सात शहरे की तीन?

तीन वर्षे झाल्यावर आम्ही एका सहल एजंटाकडे गेलो. त्याच्या रंगीत पत्रकात अकरा दिवसांत सात शहरे होती. आयफेल टॉवर, स्वित्झर्लंडचा बर्फ, व्हेनिसची होडी, लंडनमध्ये बसमधून अर्धा दिवस. माणशी पावणेतीन लाख. आम्ही विचारले, "किंग हेन्रीज रोडला नेणार का?" तो म्हणाला, "ते आपल्या रूटमध्ये येत नाही." त्याचे चुकले असे नाही. त्याचे गिऱ्हाईक वेगळे होते. पण घरी येताना आमच्या ध्यानात आले की आपला रूट आपल्यालाच आखावा लागणार.

मुलांना आयफेल टॉवर हवा होता, तरुणांना बर्फ. आठवडाभर वाद झाला. शेवटी एक कसोटी ठरली. ज्या शहरात आपले काही काम आहे तेच शहर घ्यायचे. मग तीन शहरे उरली.

पहिले अर्थातच लंडन. बाबासाहेब अमेरिकेतून १९१६ साली तिथे आले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले आणि बॅरिस्टरीसाठी ग्रेज इनमध्ये नाव घातले. बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धा टाकून परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजातल्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज, अशी जमवाजमव करून १९२० साली ते पुन्हा गेले. म्हणजे बाबासाहेबांचा हा लंडनप्रवाससुद्धा पै-पै जमवूनच झाला होता. आमच्या भिशीला याहून मोठा आधार कोणता? त्या मुक्कामात एक पावाचा तुकडा आणि चहावर सकाळ काढून ते ग्रंथालयात दिवसभर वाचत, आणि रात्री भूक लागली की भाजलेला पापड खात. १९२१ मध्ये एम.एस्सी., १९२२ मध्ये बॅरिस्टर, १९२३ मध्ये डी.एस्सी.

१० किंग हेन्रीज रोड हे घर त्याच काळातले, १९२१-२२ चे. चॉक फार्म या भुयारी रेल्वेच्या स्टेशनापासून ते पायी जाण्याच्या अंतरावर आहे. महाराष्ट्र सरकारने ते २०१५ साली घेतले आणि त्याच वर्षी १४ नोव्हेंबरला त्याचे उद्घाटन झाले. पण पुढची गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. राहत्या घराचे स्मारक करण्याची रीतसर परवानगी नव्हती, शेजाऱ्यांनी हरकत घेतली, स्थानिक कौन्सिलने नकार दिला. चौकशी बसली, सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये तिथल्या मंत्र्यांनी परवानगी दिली तेव्हा तो प्रश्न सुटला. बाबासाहेबांच्या घरालासुद्धा लंडनमध्ये परवान्याची वाट पाहावी लागली.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्यांचा अर्धपुतळा आहे. ग्रेज इनमध्ये २०२१ साली एका खोलीला त्यांचे नाव देऊन तिथे त्यांचे चित्र लावले. ग्रेज इनच्या आत असे सहज शिरता येत नाही. आमच्या कायद्याच्या विद्यार्थिनीने स्वतः इंग्रजीत पत्र लिहून परवानगी मागितली आहे आणि उत्तराची वाट पाहत आहे.

दुसरे शहर जर्मनीतले बॉन. बाबासाहेबांनी १९२१ साली तिथल्या विद्यापीठात नाव नोंदवले होते, ही गोष्ट आपल्या घरांतून कमी माहीत आहे. त्यांनी त्यासाठी जर्मन भाषेत अर्ज केला होता आणि त्यांचे कागद विद्यापीठाच्या दप्तरात जपलेले आहेत. लंडनच्या अभ्यासामुळे तिथे फार काळ राहणे झाले नाही. बॉन ऱ्हाइन नदीकाठी आहे. १९४९ नंतर चाळीस वर्षे ती पश्चिम जर्मनीची राजधानी होती. विद्यापीठाची मुख्य इमारत एका जुन्या राजवाड्यात आहे. आईंनी हे ऐकून विचारले, "राजवाड्यात शाळा भरते?" भरते. राजवाड्यात पोरे शिकतात ही कल्पना त्यांना इतकी आवडली की बॉनवर त्याच क्षणी शिक्का बसला.

तिसरे हंगेरीतले बुडापेस्ट. हे नाव निघाल्यावर सगळे हसले. पण बुडापेस्ट हे खरे तर वाटेतले ठिकाण आहे. तिथून रेल्वेने दोनेक तासांवर मिश्कोल्त शहर आणि त्याच्या पुढे सायोकाझा नावाचे खेडे. तिथे रोमा समाजाची वस्ती आहे, ज्यांना युरोपात जिप्सी म्हणून हिणवले जाते. गावाच्या कडेला घरे, शाळेत वेगळा वर्ग, कामावर संशय. त्यांच्या पूर्वजांनी शेकडो वर्षांपूर्वी भारतातूनच स्थलांतर केले, असे त्यांची भाषा सांगते. यानोश ओर्शोश आणि तिबोर डेर्डाक या दोघांना बाबासाहेबांच्या विचारात आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडले. ते महाराष्ट्रात येऊन आपल्या वस्त्या पाहून गेले, २००७ साली त्यांनी जयभीम नेटवर्क ही संस्था काढली आणि रोमा मुलांसाठी डॉ. आंबेडकरांच्या नावाची शाळा सुरू केली. युरोपातल्या खेड्यात गोरीसावळी पोरे एकमेकांना 'जयभीम' म्हणतात. आयफेल टॉवरपेक्षा हे पाहावे, यावर मग मुलांचेही एकमत झाले.

हिशेबाची वही

चार वर्षांत भिशीचे ५,७६,००० रुपये झाले. पत्रकातल्या दराने यात दोघेच गेले असते. स्वतः आखणी केल्यावर तिघींचे जमते आहे. वहीतला हिशेब असा : विमानाचे जाणे-येणे २,१०,०००. ब्रिटन आणि युरोप, दोन्ही व्हिसांचे मिळून ८४,०००. नऊ रात्रींचा मुक्काम ९०,०००. युरोपातली रेल्वे आणि एक छोटे विमान ७५,०००. जेवणखाण आणि किरकोळ ५०,०००. विमा ६,०००. गरम कपडे २०,०००. एकूण ५,३५,०००. उरलेले ४१,००० अडीअडचणीला.

दोन व्हिसा का, हा प्रश्न आम्हालाही पडला होता. ब्रिटनचा व्हिसा वेगळा आणि जर्मनी-हंगेरीसह युरोपातल्या बहुतेक देशांचा मिळून शेंगेन व्हिसा वेगळा. शेंगेनची फी जून २०२४ पासून मोठ्या माणसाला ९० युरो आहे. ब्रिटनच्या सहा महिन्यांच्या व्हिसाची फी एप्रिल २०२५ मध्ये १२७ पौंड झाली. शिवाय अर्ज घेणाऱ्या केंद्राचा आकार वेगळा. शेंगेनचा अर्ज ज्या देशात जास्त रात्री काढायच्या त्याच देशाकडे करायचा असतो. आमच्या बॉनमध्ये दोन रात्री आणि हंगेरीत तीन, म्हणून आमचा अर्ज हंगेरीकडे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. शेवटचे पंधरा दिवस उरल्यावर मात्र करता येत नाही. व्हिसा नाकारला तरी फी परत मिळत नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही पैसे मोजून शिकलो.

आमची चूक

खरे तर ही सहल मागच्याच हिवाळ्यात व्हायची होती. तेव्हा भिशीला तीन वर्षे झाली होती आणि ४,३२,००० रुपये रोख आमच्या खजिनदार वहिनींच्या कपाटात होते. अर्ज भरायला जेमतेम तीन आठवडे असताना आम्ही ती सगळी रक्कम एकदम आईंच्या खात्यात भरली. ज्या खात्यात एरवी चार-पाच हजार असतात, त्यात एका दिवसात सव्वाचार लाख. आम्हाला वाटले, पैसे दिसले की झाले. नकाराचे पत्र आले. पैशाचा उगम समजत नाही आणि हे लोक परत येतील याची खात्री वाटत नाही, असा त्याचा मतलब होता.

त्या रात्री कोणी जेवले नाही. "आपल्या पैशावर विश्वास नाही त्यांचा," असे आई दोनदा म्हणाल्या. राग आला, पण मग शांतपणे पाहिले तेव्हा चूक आमचीही होती. वकिलातीतल्या माणसाला भिशी काय ठाऊक! त्याला दिसतो तो बँकेचा कागद. बुडालेले तेहेतीस हजार आम्ही भिशीतून काढले नाहीत. चारही घरांनी वाटून सव्वाआठ हजार रुपये भरले आणि बैठक घेऊन नव्याने ठरवले.

आता वर्षभर भिशीचे पैसे दरमहा बँकेतूनच खात्यात जातात. जुनी रक्कम तशीच खात्यात राहिली, त्यामुळे व्यवहार सलग दिसतो. चारही घरांनी सही करून एक पत्र दिले आहे, की हे पैसे आमच्या सामायिक बचतीचे आहेत. सूनबाईंनी रुग्णालयाचे रजेचे पत्र, पगाराच्या पावत्या आणि आयकराचे विवरण जोडले आहे, विद्यार्थिनीने कॉलेजचे पत्र. परत येण्याची कारणे कागदावर असावी लागतात. वाचकांनी एवढे जरूर ध्यानात ठेवावे : रोकड अखेरच्या महिन्यात खात्यात ओतू नका. कामगार माणसाचा पैसा घामाचा असतो, पण बँकेच्या कागदावर घाम दिसत नाही.

या नकारानंतर विहारात आम्ही बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे आठवणींचे छोटे पुस्तक वाचायला घेतले. ते १९९० साली पुस्तिका म्हणून निघाले. मुलगी इंग्रजीतून वाची आणि मराठीत सांगे. त्यातली पहिलीच आठवण सुट्टीच्या प्रवासाची आहे. १९०१ साल. वडील गोरेगावला नोकरीवर, मुले साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून नवे कपडे, नव्या टोप्या. पोरे आनंदात मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना पत्र वेळेवर कळले नव्हते, न्यायला कोणी आले नाही. जात समजल्यावर स्टेशनमास्तर मागे सरकला, गाडीवाले गाडी देईनात. शेवटी दुप्पट भाड्यावर एक तयार झाला, तेही मुलांनी गाडी हाकायची आणि त्याने बाजूने चालायचे या अटीवर. डबा सोबत होता, पण रात्रभर पाणी मिळाले नाही.

दुसरी आठवण १९१७ सालची. परदेशात राहून आपण अस्पृश्य आहोत हे ज्यांच्या मनातून पुसले गेले होते, त्या बाबासाहेबांना बडोद्याच्या स्टेशनवर उतरताच 'जायचे कुठे?' हा प्रश्न पडला. पारशी उतारशाळेत नाव बदलून राहिले, तिथूनही लाठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. न्यूयॉर्क-लंडनमध्ये खोली मिळाली, बडोद्यात मिळाली नाही.

वाचन संपल्यावर बराच वेळ कोणी बोलले नाही. मग आई म्हणाल्या, "आपल्याला एका कागदासाठी नाही म्हणाले. त्यांना पाण्याला नाही म्हणाले होते. भरा पुन्हा अर्ज." ज्या माणसांना आपल्याच मुलुखात फिरायला जणू व्हिसा लागत होता, त्यांच्या नातवंडांनी आज खऱ्या व्हिसाच्या रांगेत उभे राहावे, यातच किती वाट चालून झाली ते दिसते.

आईंचा पासपोर्ट

आईंचे वय सहासष्ट. अठ्ठावीस वर्षे भायंदरच्या भांडी कारखान्यात पॉलिशच्या खात्यात काढली. त्यांच्या रेशन कार्डावर एक जन्मतारीख, मतदार कार्डावर दुसरी, आधारवर तिसरी. ही अडचण आपल्या घरोघरी आहे. त्या चौथीपर्यंत शिकल्या होत्या, म्हणून मुलगा जालना जिल्ह्यातल्या गावी जाऊन जिल्हा परिषदेच्या शाळेतून दाखला घेऊन आला. त्या तारखेप्रमाणे आधी आधार दुरुस्त केले, मग ठाण्याच्या पासपोर्ट केंद्रात अर्ज केला. फी १,५०० रुपये, साठीपुढच्यांना त्यात दहा टक्के सूट. जन्माचा दाखला नसलेल्या जुन्या माणसांना शाळेचा दाखला चालतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

शाळेच्या त्या पिवळ्या दाखल्यावर जातीचा रकाना होता आणि त्यात जुने नाव होते. आईंनी त्यावर बोट ठेवून विचारले, "हे पासपोर्टवर येणार का?" नाही. पासपोर्टच्या अर्जात तो रकानाच नाही. त्या केंद्राबाहेर येऊन बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "मग चांगलं पुस्तक आहे हे."

थंडीची तयारी

नाताळच्या सुट्टीत जायचे असे आम्ही आधी धरले होते. तपास केल्यावर कळले की आपल्याला हवी ती सगळी दारे नेमकी तेव्हाच बंद असतात. २५ डिसेंबरला लंडनमध्ये भुयारी रेल्वे आणि बस दोन्ही धावत नाहीत. ब्रिटिश म्युझियमला २४ ते २६ डिसेंबर सुट्टी. जर्मनीत २५ आणि २६ दोन्ही दिवस सरकारी सुट्टी. विद्यापीठे आणि शाळा नव्या वर्षापर्यंत बंद. म्हणून जानेवारी धरला. नाताळची गर्दी ओसरल्यावर तिकिटे उतरतात, रुग्णालयात रजा सोपी जाते आणि १ जानेवारीची भीमा कोरेगावची वारीही चुकत नाही.

आता बेत असा : ४ ते ७ जानेवारी लंडन. ८ ला भुयारातून जाणाऱ्या रेल्वेने ब्रसेल्स, तिथून कोलोन आणि अर्ध्या तासावर बॉन. १० ला विमानाने बुडापेस्ट. एक दिवस सायोकाझाचा. १४ जानेवारीला घरी. तारखा ठरल्यावर कोणीतरी चरित्र उघडले. स्वतंत्र मजूर पक्षाच्या पहिल्या निवडणुकीच्या तोंडावर, ११ नोव्हेंबर १९३६ ला, बाबासाहेब युरोपला गेले होते. ते परतले १४ जानेवारी १९३७ ला. आम्ही ती तारीख मुद्दाम निवडली नव्हती. आता मात्र ती बदलायची नाही.

या दिवसांत लंडनला दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. म्हणून बाहेरची ठिकाणे सकाळी, आतली दुपारनंतर. एकच जाड कोट घेण्यापेक्षा अंगालगत लोकरी, वर स्वेटर, त्यावर वारा अडवणारे जाकीट असे थर बरे. आई साडीच नेसणार, आतून लोकरी पायजमा आणि पायात पकड असलेले बूट. युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणून तुपाचे लाडू आणि पेढे घरीच राहतील. चटणी, भाजणी आणि पापड नेणार. पापडाचे नाव निघाल्यावर कोणाला काही सांगावे लागले नाही.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा आरोग्य विमा लागतो. सहा हजार फुकट जाणार अशी कुरकुर झाली. तेव्हा १९१७ ची गोष्ट निघाली. बाबासाहेबांचे पुस्तकांचे सामान ज्या बोटीने येत होते ती महायुद्धात बुडाली. सामानाचा विमा होता, त्याचे ६०० रुपये मिळाले आणि बडोद्याला जाण्याचा खर्च त्यातून भागला. कुरकुर तिथेच थांबली.

मागच्या महिन्यात रंगीत तालीमही केली. तिघींनी आपापली बॅग स्वतः उचलून पहाटेची लोकल धरली. दादरला राजगृह, परळच्या बी.आय.टी. चाळीत बाबासाहेबांच्या ५० आणि ५१ क्रमांकाच्या खोल्या, मग फोर्टात सिद्धार्थ कॉलेज. सगळे शक्यतो पायी. दुपारपर्यंत आईंचा गुडघा भरून आला. वहीतून लंडनची दोन ठिकाणे तिथेच खोडली. ही तालीम केली नसती तर ती ठिकाणे लंडनच्या थंडीत खोडावी लागली असती. आणि खरे सांगायचे तर भायंदरमध्ये इतकी वर्षे राहून परळच्या त्या खोल्या आमच्यातल्या निम्म्या लोकांनी पहिल्यांदाच पाहिल्या. ज्यांना युरोप शक्य नाही त्यांनी हा रविवार तरी जरूर काढावा. त्याला व्हिसा लागत नाही.

तिघीच का?

पैसे तिघांपुरते होते. कोण जाणार यावर चिठ्ठ्या टाकायचे ठरत होते. पुरुषांपैकी दोघांनी मनात तयारीही केली होती. त्या बैठकीत आई एवढेच बोलल्या : "ते लंडनला शिकत होते तेव्हा रमाई या चाळीतल्यासारख्या खोलीत संसार ओढत होती. तिने बोट पाहिली ती बंदरावरूनच. तिला कोणी विचारलं नाही, तुला बघायचंय का म्हणून."

त्यानंतर चिठ्ठ्या टाकल्या नाहीत. आई, कायदा शिकणारी मुलगी आणि इंग्रजी बोलणाऱ्या परिचारिका सूनबाई, अशा तिघी ठरल्या. चौथ्या घरातून कोणी जात नाही, म्हणून पुढच्या भिशीत पहिला मान त्यांचा. ते घर त्याच आक्षेप घेणाऱ्या काकांचे. परवा त्यांनी आईंना एक जुनी, घट्ट झाकणाची स्टीलची बरणी आणून दिली. म्हणाले, "पापड यात मोडणार नाहीत."

जाणाऱ्यांवर एक अट आहे. परत आल्यावर पहिल्या रविवारी विहारात हिशेब मांडायचा, पैशाचाही आणि पाहिलेल्याचाही. मुलीने त्यासाठी शंभर पानी वही घातली आहे. पहिल्या पानावर तिने पत्ता लिहून ठेवला आहे, १०, किंग हेन्रीज रोड. खाली आईंनी स्वतःच्या हाताने, चौथीच्या अक्षरात, आपले नाव लिहिले आहे.

व्हिसाचे कागद गेले आहेत. निकाल यायचा आहे. मंजूर झाला तर ३ जानेवारीला आमच्या इमारतीतून एक रिक्षा विमानतळाकडे निघेल. नामंजूर झाला तर कागदात काय कमी पडले ते पाहू आणि पुन्हा भरू. वाट आता कळली आहे.

जयभीम.